टाचणी आणि दोरा

कुतैसीच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
वर्गात फळा आहे, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही.
सातही मुलं हातांनी बघणारी.
मी नवा, रेल्वेच्या मोजणी खात्यातून आलेला,
खिशात अजून खडू बाळगणारा.

पहिल्या दिवशी सवयीने बोलून गेलो,
"हा बघा बिंदू,"
आणि खडू टेकवला.
टक्.
सात माना आवाजाकडे वळल्या.
मागच्या बाकावरून ओतिआ म्हणाला, "ऐकला."

दुसऱ्या दिवशी बुचाच्या फळ्या आणल्या,
डबाभर टाचण्या,
आणि बहिणीच्या टोपलीतला लोकरीचा दोरा.
एक टाचणी: बिंदू.
दोन टाचण्या, मध्ये ताणलेला दोरा: रेषाखंड.
बोटं गेली, परत आली,
गल्लीची दोन्ही तोंडं तपासावीत तशी.
"इकडे संपतो."
"इकडेही संपतो."

किरणासाठी दोऱ्याचं एक टोक टाचणीला बांधलं
आणि उरलेला गुंडा खिडकीतून खाली सोडला.
"कुठवर जातो?"
"जातच राहतो."
लालीने जरा ओढून पाहिला,
आणि खालून कुणीतरी ओढला.

माळी होता, वालेरियन.
त्याला गुलाबांना बांधायला दोरा हवाच होता.

आठवडाभर मुलं घरी सांगत होती
की किरणाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी असतं.
चूक होती. किरणाला ते टोकच नसतं.
पण मी दुरुस्त केली नाही.

"आणि रेषा?"
"दोन्ही खिडक्यांतून गेलेला दोरा."
"वर्ग मधे आला तर?"
"रेषेला वर्ग दिसत नाही."
"आमच्यासारखंच," कुणीतरी म्हणालं,
आणि सगळे इतके हसले
की शेजारच्या वर्गातून भिंतीवर थाप आली.

द्राक्षं उतरल्यावर त्सिआला गावाहून चुर्चखेला घेऊन आली,
दोऱ्यात ओवलेले अक्रोड,
द्राक्षाच्या दाट रसात बुडवून वाळवलेले.
"ही रेषा. अक्रोड म्हणजे बिंदू."
म्हटलं, जवळ आलीस.
पण कुठल्याही दोन अक्रोडांमध्ये अजून एक असतो.
"त्या दोघांमध्ये?"
"अजून एक."
ती चावायची थांबली.
"मग दोरा लागणारच नाही.
अक्रोडच दोरा होतील."

तीस वर्षं मी रूळ मोजले.
खिशातला खडू कधी मोडला, कळलं नाही.

मग पुस्तकातलं वाक्य आलं, येणारच होतं:
बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही.
ओतिआने बोट चोखत विचारलं,
"मग टोचतो कसा?"
मी म्हटलं, टोचते ती टाचणी.
"मग बिंदू कुठाय?"
आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं,
फळ्यावर काढून दाखवायची सोय नव्हती,
डोळ्यांना थोडं फसवून वेळ मारून नेण्याची.

त्सिआलाने टाचणी उपटली.
भोकावर बोट ठेवलं. "हेही नाही. हे तर रुंद आहे."
बोट उचललं.
"भोक बुजू दे. बूच झिजू दे.
टाचणी जिथे होती, ती जागा कुठे जाईल?
ती."

त्या संध्याकाळी घरी मी दिवा लावला नाही.
काडेपेटीची जागा, किल्लीची जागा,
माकवालाचा कप असायचा ती जागा,
एकेक करून हात लावत गेलो.
मग जेवलो. भाकरी थोडी करपली होती.

आज प्रतल.
"टेबलावर तळवा ठेवा. सरकवा.
कड आली की टेबल संपेल.
प्रतल संपत नाही. हात तसाच पुढे जाऊ द्या."

खाली रिओनी नदीचा आवाज,
आणि वर्गात सात हात,
टेबलं मागे टाकून, हवेत, सपाट.
लालीचा किंचित कलला होता.
ओतिआने आपला हात पुढे करून
खालून तो सारखा केला.